आडाच्या वरच्या अंगाला

वहिनी, त्या दिवशी तुम्ही घागर पदराखाली झाकून आणली होती, ते मी पाहिलं होतं. बावीस वर्षं बोललो नाही, आज बोलतो. घरचं माणूस कायमचं गाव सोडून निघालं की वाटेत भरल्या घागरीची बाई आडवी यावी, ही आपल्याकडची रीत. तुम्ही शकुन द्यायला फाट्यावर आलात, पण घागरीत घालायला थेंब नव्हता. रिकामी दाखवली तर अपशकुन, आणली नाही तर रीत मोडली. म्हणून ती कमरेवर घेऊन वरून पदर ओढलात, अन् टेम्पो हलला तशा मोकळ्या हातानं डोळे पुसलेत. सुनंदा मला म्हणाली, "जाऊबाईंनी कुठून तरी भरून आणली बघा." मी नुसतं व्हय म्हणालो. टेम्पोत दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, एक स्टो होता अन् मांडीवर तीन वर्षांची ज्योती होती.

आबा फाट्यावर आलेच नाहीत. उंबऱ्याच्या आत बसून त्यांनी एवढंच सांगितलं, "कुठंबी जा, काय बी कर. पण नारळ धरू नको."

हे पत्र ज्योती गावच्या ग्रुपवर टाकणार आहे. म्हणजे सुरतेला गेलेले, पुण्याला गेलेले, सगळेच वाचतील. त्यांच्या लेकरांना कळणार नाही म्हणून सांगतो. आमचं घर पाणाड्याचं. विहीर कुठं खोदायची ते माझे वडील, आबा, सांगायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील सांगायचे. सरळ तळहातावर नारळ आडवा ठेवायचा अन् रानातून चालत राहायचं. जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं खाली पाणी. खरंच आपोआप उभा राहतो का, असं मला इथं लई जणांनी विचारलंय. खरं सांगू? तो उभा राहतो का माझाच हात वळतो, ते मला आजवर कळलेलं नाही. आबा तर म्हणायचे, "नारळ लोकांसाठी असतो रे. आपण उंबर बघायचा, वारूळ बघायचं, चैतात कुठली हरळी हिरवी हाय ते बघायचं." त्यांनी दाखवलेल्या दहा जागांपैकी आठ लागायच्या. दोन हुकल्या तर ते त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन स्वतः कुदळ हातात घ्यायचे.

आबांचा हिशेब फुटाचा नव्हता, परसाचा होता. एक परस म्हणजे एक माणूस, सहा फूट धरा. "अकरा परसावर लागंल," असं म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, खाली अंधारात अकरा माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी आहेत अन् सगळ्यात खालच्याचे पाय पाण्यात आहेत. आबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "तसंच समज."

अन् आबांचा एक कायदा होता. गावाच्या आडाच्या वरच्या अंगाला नारळ धरायचा नाय. कुणी का बोलवंना. आडात येणारं पाणी वरूनच येतं, ते मधीच अडवलं तर खालची घागर कोरडी जाते. आबांनी एकदा "इथं हाय, पण घ्यायचं नाय" म्हटलं की मग त्या जागेवर कुणी दगडसुद्धा ठेवायचा नाही. पाणाड्याच्या शब्दाला कुदळ थांबायची.

आम्ही गाव सोडलं त्या सालच्या दुष्काळात आडाच्या वरच्या मळ्याच्या अण्णांची मोसंबी वाळायला लागली. त्यांनी आबांना बोलावलं, आबा नाही म्हणाले. मग अण्णांनी मला एकट्याला गाठलं अन् म्हणाले, "आबांचं वय झालं रे भास्कर. आता खरा हात तुझाच." बस, एवढ्यावर मी गेलो. मी काही लेकरू नव्हतो, अठ्ठावीस वर्षांचा बाप्या होतो. पण सगळा गाव 'आबांचा भास्कर' म्हणायचा, अन् पहिल्यांदा कुणीतरी नुसतं 'भास्कर' म्हणालं होतं. नारळ उभा राहिला. बोअरची गाडी आली, दीड दिवस जमीन हादरली, अन् पाणी असं उसळलं की अण्णांनी मला गुलाल लावला. तो गुलाल धुवायला आबांनी मला घरातलं पाणी घेऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी पहाटे तुम्ही आडावरून रिकाम्या आलात, वहिनी. दारात उभ्या राहून म्हणालात, "भावजी, आडात घागर वाजली." पाण्यात पडलेली घागर वाजत नाही. दगडावर पडलेली वाजते.

मला कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणीच दिली नाही. मी समोरून आलो की बाया घागर ह्या कमरेवरची त्या कमरेवर घ्यायच्या, इतकंच. टँकरच्या रांगेत सुनंदा उभी राहिली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "ह्यांला काय तोटा? ह्यांच्या घरात नारळ हाय." दोन महिने तिनं सोसलं. मग एक दिवस ती म्हणाली, आता चला. मग टेम्पो, मग फाटा, मग तुमची घागर. ते तर तुम्हाला ठाऊकच आहे.

शहरात आम्ही चिकलठाण्याला उतरलो, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. तेव्हा तिच्यामागं नुसतं उघडं टेकाड होतं. पहिल्या सकाळी सुनंदा हंडा घेऊन हापशावर गेली तर चाळीस भांडी रांगेत. नवीन माणूस दिसला की रांगेतल्या बायांचे डोळे कसे होतात ते तुम्ही जाणता. सुनंदा मागं सरकायला लागली, तेवढ्यात एक धिप्पाड बाई ओरडली, "पहले इसकू भरने देव! कल आई है, बच्ची छोटी है." ती शकीला खाला. तिनं स्वतः दांडा हापसून सुनंदाचा हंडा भरून दिला, अन् दोन-तीन दणक्यात पाणी आलं. सुनंदानं घरात येऊन हंडा ठेवला अन् तिथंच फतकल मारून रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय हो. भरलेला हाय." त्या हापशावर आम्ही सात वर्षं काढली. ज्योतीला न्हाऊ-माखू घातलं ते त्याच पाण्यानं.

मी आधी कारखान्यात हेल्पर होतो. तो बंद पडल्यावर वॉचमन झालो. मग त्याच टेकाडावर बारा बिल्डिंगची सोसायटी उभी राहिली, तिथं पंपवाला म्हणून लागलो. टाकी भरायची, वॉल्व फिरवायचे, टँकर मोजून घ्यायचे. औरंगाबादचं संभाजीनगर झालं, पाट्या बदलल्या, पण नळ काही रोज आला नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठ. अन् आजूबाजूला दर पावसाळ्याआड एक बिल्डिंग वाढत गेली. ह्या सगळ्या वर्षांत मी पाणाडी होतो हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, शेती होती.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीनं ठरवलं की सगळी कामं एजन्सीला द्यायची अन् आपल्याकडं फक्त एक माणूस ठेवायचा, वॉटर सुपरवायझर. त्याला केबिन, पगार अन् गेटाशेजारची दोन खोल्यांची क्वार्टर. बाकीच्यांना रामराम. पन्नाशी गाठलेल्या माणसाला एजन्सी ठेवत नाही, हे मला न सांगता कळत होतं. जागा मिळाली तर राहायचं, नाही तर पुन्हा पेट्या बांधायच्या. अन् आता कुठं बांधायच्या?

ज्योती शेंद्र्याच्या एका कंपनीत एचआरला आहे. तिनं माझा बायोडेटा केला. करता करता थांबली. "बाबा, अठरा ते अठ्ठावीस काय केलं? दहा वर्षांची गॅप दिसते."

"शेती टाक."

"दोन एकरात दहा वर्षं?"

"टाक म्हणलं ना!"

तिनं टाकलं. मग मीच गप्प बसेना. तिला विचारलं, का गं, तुमच्याकडं माणसाचं जुनं काम बघून त्याला नको म्हणतात का? ती म्हणाली, मागच्या कंपनीला फोन करून विचारतात, माणूस कसा होता, का सोडलं. मग तीच म्हणाली, मला ते पटत नाही. कधीकाळी हातून झालेल्या एका चुकीसाठी माणसानं जन्मभर रांगेत मागं का उभं राहायचं? मला लेकीचं फार बरं वाटलं. अन् भीती पण वाटली. माझ्या मागच्या कंपनीला फोन करायचा तर तो तुमच्याकडंच यायचा, वहिनी.

मुलाखतीला चेअरमन देशमुख साहेब होते, जमिनीच्या मोजणी खात्यातून रिटायर झालेले, अन् शेजारी सेक्रेटरी मॅडम. वॉल्व विचारले, मोटर विचारली, सगळं जमलं. मग साहेब सहज म्हणाले, "दोन बोअर कोरडे गेले आपले. तुम्हाला काय वाटतं, ह्या टेकाडात पाणी असंल का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय की. पस्तीस परसावर लागंल."

साहेब एकदम पुढं वाकले. "परस! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. माझे आजोबा परसातच बोलायचे." मग माझ्याकडं बघत राहिले. "पण भास्करराव, शेतकरी खोदलेल्या विहिरीचं परसात सांगतो. न खोदलेल्या जमिनीचं सांगतो तो पाणाडी. तुम्ही पाणाडी होता का?"

मी मान हलवली. मला वाटलं, गेली नोकरी. मॅडम म्हणाल्याच, "इथे डॉक्टर, इंजिनिअर राहतात. आपण आता नारळ फिरवायचा?" साहेब हसले. "मशीनवाल्यांनी दोन बोअर घालवले, मॅडम. नारळाचं काय, नाही लागलं तर खोबरं तरी मिळंल."

मी ज्याच्यापायी बावीस वर्षं तोंड शिवून बसलो, ते काम माझ्या आडवं आलंच नाही. उलट त्यांनी ते हात पसरून घेतलं. रविवारी सकाळी जागा दाखवा, सोमवारी ऑर्डर देतो, असं ठरलं. घरी सुनंदाला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "आबांनी काय सांगितलं होतं?" मी म्हणालो, आबा जाऊन बारा वर्षं झाली. तिनं तवा उतरवून ठेवला.

रविवारी खाली शंभर माणसं जमली, हातात मोबाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. मी नारळ तळहातावर घेतला अन् माझे पाय आपोआप मागच्या भिंतीकडं निघाले. कोपऱ्यात भिंतीच्या फटीतून उंबर फुटला होता, त्याच्याखाली वारूळ, अन् भर उन्हाळ्यात तिथली हरळी हिरवीगार. मी रोज बघत होतो तो उंबर, अन् रोज मान फिरवून पुढं जात होतो. भिंतीपलीकडं उतार, अन् उताराला खालाचा हापसा. त्या दिवशी नारळ आडवा ठेवून मला पुढं जाता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण नारळ उठला. "उभा राहिला! उभा राहिला!" असा गलका झाला. लहान-मोठे टाळ्या वाजवायला लागले, अन् खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अठ्ठावीसचा होतो तसाच पन्नाशीतही निघालो, अक्कल काही वाढली नव्हती.

पण लगेच भान आलं. मी मोठ्यानं म्हणालो, "साहेब, पाणी इथं हाय. पण इथं घ्यायचं नाय. खाली वस्तीचा हापसा आहे, तो बसंल." अन् नारळ खाली घेऊन मी बाजूला झालो. मला वाटलं, झालं. पाणाड्यानं नाय म्हटलं म्हणजे विषय संपला. मूर्ख माणूस मी! तो कायदा आपल्या गावचा होता, अन् तो ज्यांना ठाऊक होता ती माणसं तिकडंच राहिली. इथं त्यांनी माझं अर्धंच वाक्य ऐकलं. मी चहा पिऊन परत येईपर्यंत त्या उंबराखाली पांढऱ्या चुन्याचा गोल पडला होता.

मी देशमुख साहेबांकडं गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भास्करराव, तुमचं काम जागा दाखवायचं. बाकीचं कमिटी बघंल. वस्तीला काय, महापालिकेचा टँकर येतो." सोमवारी ऑर्डर आली. तिच्यात छापलं होतं, 'पाणी शोधण्याचा दहा वर्षांचा अनुभव'. मी पुन्हा बोललो नाही, वहिनी. सही केली. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, बाकी सगळी प्रस्तावना.

गाडी आली, जमीन हादरली. माझी पहिली क्वार्टर, सुनंदा नवी भांडी मांडत होती अन् फळीवर ती आपोआप खुळखुळत होती. पाणी दोनशे फुटाच्या पुढं लागलं. पस्तीस परस. एका परसाचीही चूक नाही. सोसायटीनं माझा हार घालून सत्कार केला अन् ज्योतीनं तो फोटो ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. वहिनी, तुमचा मात्र आला नाही.

माणसाचं जुनं काम पुढच्या कामात धरावं का नाही, ह्यावर ज्योती माझ्याशी अजून वाद घालते. आता तर ती म्हणते, बघा बाबा, तुमच्या जुन्या कामानंच तुम्हाला नोकरी दिली, उगाच लपवलंत. तिला काय सांगू? धरावं, पोरी. पण धरायचं तर पुरं धरावं. मला काय येतं ते त्यांनी विचारलं. मी काय केलं, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी नारळ घेतला अन् आबांचा कायदा तिथंच टाकला. मला नोकरी देण्याआधी एक फोन तुम्हाला लावला असता अन् विचारलं असतं, बाई, ह्या माणसानं दाखवलेलं पाणी लागल्यावर पुढं काय झालं? तर तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतं. मग मला ती जागा मिळाली नसती. अन् खालाचा हापसा चालू राहिला असता.

तो अजून अगदी बसलेला नाही. पण ड्युटीवर जायच्या आधी मी रोज पहाटे तिकडं एक चक्कर मारतो. आधी दोन-तीन दणक्यात पाणी यायचं. गाडी आली त्या आठवड्यात सात लागले. दिवाळीत पंधरा. आता बाया आळीपाळीनं हापसतात, एकीचा दम गेला की दुसरी. पाणी येतं तेव्हा आधी खालून हवेचा लांब उसासा येतो, मग थोडं गढूळ, मग धार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं लहानपणी आपण नुसतं म्हणायचो.

मागच्या महिन्यात तुमचा निरोप आला, की औंदा पाऊस बरा झाला, अण्णांची बाग कधीचीच मोडली, अन् आडाला पुन्हा पाणी आलंय. "आता घरी या," असं म्हणालात. वहिनी, तुमचं मन मोठं आहे. सुनंदानं ते ऐकून दोन घास जास्त खाल्ले. पण घर कशाला म्हणायचं, ते मला आता कळंना झालंय. जिथल्या पाण्याजवळ मान वर करून उभं राहता येतं, ते घर, असं मी मनाशी धरलं होतं. असं एक गावात होतं, ते मी घालवलं. एक शकीला खालानं दिलं होतं. तिकडं येऊ म्हणता, पण इथली घागर वाजायची राहिली असताना मी तुमच्या आडावर कोणत्या तोंडानं येऊ?

आज पहाटे खाला हापशावर माझी वाट बघत बसली होती. थकलीय आता. मला म्हणाली, "भास्कर, जरा खोल के देख रे बाबा. हापसे का वायसर गया दिखता. तू तो पानी का आदमी है, तेरेकूच समझेगा." मी पाना आणला, नवा वायसर आणला, अन् हापसा खोलला. आतला वायसर चांगला होता. तरी मी तो बदलला. खालानं डोक्यावरून हात फिरवला. मग सात वाजले, तसा मी वर येऊन बोअरची मोटर चालू केली.